थंडीतील शिकार आणि अंगालगतची लोकर



स्वीडन देशाच्या उत्तर भागात सप्टेंबर महिन्याचा पहिला सोमवार उजाडला, की कित्येक खेड्यांतील माणसे कामावरून रजा काढतात आणि खांद्याला बंदुका लावून रानात शिरतात. त्या दिवशी तेथे मूस ह्या प्राण्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. मूस म्हणजे हरणांच्या कुळातील सर्वांत थोर प्राणी. आपले सांबरही त्याच्यापुढे लहान दिसावे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन चारपाचशे किलोपर्यंत भरते. देशाच्या दक्षिण भागात हाच हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि पुढे हिवाळ्यात जातो. ही शिकार राजेरजवाड्यांची नव्हे. शिक्षक, सुतार, शेतकरी, कारकून अशी सामान्य माणसे गट करून ती करतात, मांस वाटून घेतात आणि ते घरोघरी हिवाळाभर पुरवतात.

आज मी आपल्याशी बोलणार आहे, ते ह्या शिकाऱ्याच्या अंगावरील सर्वांत आतल्या कपड्याविषयी. बंदुकीविषयी पुष्कळ लिहिले जाते. कातडीला लागून असणाऱ्या सदऱ्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. परंतु रानातील थंडीत माणसाचे शरीर, त्याची बुद्धी आणि त्याच्या हाताचा स्थिरपणा ह्या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी त्या सदऱ्यावर अवलंबून असतात.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा छंद संपला, आणि तो संपला हे योग्यच झाले. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील जुन्या घरांतून हाका, मचाण हे शब्द आता केवळ आठवणींत उरले आहेत. तरीपण आपली मुले आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी स्वीडन, कॅनडा अशा हिमप्रदेशांत जाऊन राहतात. तेथील सहकाऱ्यांबरोबर रानात जाण्याचा प्रसंग त्यांना येऊ शकतो. बंदूक हाती न धरणाऱ्यालाही हिमालयाच्या वाटेवर हीच विद्या उपयोगी पडते.

प्रथम ही शिकार कशी चालते ते पाहू. गटातील एकदोघे कुत्रे घेऊन रानातून हिंडतात. त्यांना आपल्या भाषेत हाकारे म्हणता येईल, मात्र ढोलताशे येथे नसतात. कुत्रा मूसचा माग काढतो, त्याला गाठून भुंकत राहतो व एका जागी खिळवून धरतो. बाकीचे शिकारी ठरलेल्या जागांवर, कधी जमिनीवर, कधी लाकडी मचाणावर, तासन्‌तास मुकाट्याने बसून असतात. म्हणजे एकाच गटात, एकाच हवेत, दोन तऱ्हेची माणसे असतात. एक दलदल आणि ओंडके तुडवीत घामाघूम होणारा. दुसरा दगडासारखा निश्चल बसणारा. त्यातही बसणाऱ्याला आपल्या जागेपर्यंत चालत जावेच लागते. सामान पाठीवर घेऊन तो अर्धा तास चढण चढतो, घामाने ओला होतो आणि मग तीन तास हलत नाही. थंडीचा खरा धोका ह्या दुसऱ्या माणसाला असतो.

ह्याचे कारण पाण्यात आहे. स्थिर हवा उष्णता फार सावकाश वाहून नेते. पाणी तीच उष्णता हवेच्या सुमारे चोवीस-पंचवीस पट वेगाने नेते. त्याखेरीज घाम वाळताना त्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता आपल्याच अंगातून घेतली जाते. एक लिटर घाम वाळण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. चालताना ही योजना आपल्या हिताची असते, कारण स्नायू भट्टीसारखे तापलेले असतात. बसल्यावर मात्र भट्टी मंदावते आणि ओला कपडा आपले काम चालूच ठेवतो.

अशा वेळी सुती बनियनाइतका वाईट सोबती नाही. आपल्या उष्ण हवेत सुती कपड्यासारखे सुख नाही, हे खरे. कापूस पाणी झटकन शोषतो, धरून ठेवतो, आणि ओला झाला की त्याच्या तंतूंमधील हवेच्या जागा पाण्याने भरतात. उन्हाळ्यात त्याचा जो गुण, तोच थंडीत अवगुण ठरतो. उत्तर अमेरिकेतील व युरोपातील रानवाटांचे जाणते लोक नवख्याला पहिला धडा हाच देतात, की अंगाला लागून सूत घालू नकोस.

आता ह्या थंडीने नेमके काय बिघडते? आधी हुडहुडी भरते. बोटे जड होतात. बंदुकीची कळ समजेनाशी होते. शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले, की विचार मंदावतो, जीभ अडखळते, आणि विपरीत गोष्ट अशी, की आपल्याला काही होत आहे हेच माणसाला उमगत नाही. ह्यासाठी बर्फच पडावयास हवे असे नाही. शून्याच्या किंचित वर असलेली दमट, वाऱ्याची, भुरभुर पावसाची हवा कोरड्या हिवापेक्षा अधिक दगा देते. कित्येकांची समजूत असते, की अशा वेळी मद्याचा एक घोट ऊब देतो. मद्याने त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे क्षणभर ऊब भासते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. शिवाय हातात भरलेली बंदूक असते, ते वेगळेच.

ह्यातून उद्भवणारी दुसरी हानी शिकाऱ्याची नसून प्राण्याची असते. तीन तास कुडकुडलेल्या माणसासमोर अखेर मूस येऊन उभा राहतो, तेव्हा नेम हलला तर जनावर मरत नाही, जखमी होऊन रानात निघून जाते. स्वीडनमध्ये १९८५ पासून नव्या शिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. आणि जखमी मूसचा माग काढणारा कुत्रा दोन तासांच्या आत जागेवर आणता आला पाहिजे, असा तेथे दंडक आहे. आम्हा कॅथलिकांच्या परंपरेत शिकाऱ्यांचा आश्रयदाता संत म्हणून आठव्या शतकातील लिएजचे बिशप संत ह्यूबर्ट ह्यांना मानतात. त्यांच्या आख्यायिकेत शिंगांमध्ये क्रूस धारण केलेला काळवीटासारखा मृग येतो आणि शिकारीच्या मदात असलेल्या तरुणाला थबकवतो. स्वीडन हा लूथरपंथी देश आहे. तेथे ह्या संताचा सण कोणी पाळो वा न पाळो, पशूला विनाकारण यातना होऊ नयेत ही भावना त्या दंडकाच्या मुळाशी आहे. स्थिर हात हे ह्या धंद्यातले कर्तव्यच आहे, आणि तो स्थिर राहण्यासाठी अंग कोरडे राहिले पाहिजे.

येथे लोकरीचे माहात्म्य सुरू होते. लोकरीचा तंतू आपल्या केसासारखाच केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या पृष्ठभागावर कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले खवले असतात व त्यांवर स्निग्ध द्रव्याचा अतिसूक्ष्म लेप असतो. त्यामुळे पाण्याचा थेंब त्यावर पडला तर चटकन आत शिरत नाही. परंतु पाण्याची वाफ मात्र तंतूच्या पोटात सहज शिरते. कोरडी लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी आर्द्रता अशा रीतीने सामावून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. साधारण हवेत कापसात सातआठ टक्के आर्द्रता असते, लोकरीत चौदा ते सोळा टक्के, आणि पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसते. घामाचा थेंब बनण्यापूर्वीच तो वाफेच्या रूपात लोकरीने उचललेला असतो. शिवाय आर्द्रता शोषताना लोकर थोडी उष्णता बाहेर टाकते. ही उष्णता फार नसते, पण कोरड्या घरातून दमट रानात पाऊल टाकताच होणारा थंडीचा पहिला आघात ती सौम्य करते. तंतूच्या नैसर्गिक कुरळेपणामुळे विणीत हवेचे असंख्य कप्पे राहतात व लोकर थोडी ओलसर झाली तरी ते सगळे मिटत नाहीत.

ह्याचा अर्थ लोकर भिजतच नाही, असा कोणी करू नये. पूर्ण चिंब झालेला लोकरी सदरा जड होतो, थंड लागतो आणि वाळावयास पॉलिएस्टरपेक्षा बराच वेळ घेतो.

आता प्रश्न असा, की लोकर तर आपल्या धनगरांच्या घोंगडीतही असते. मग मेरिनोचेच एवढे कौतुक का? कोल्हापूर-बेळगावकडील धनगर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे उभा राहतो, तेव्हा तो लोकरीचा तोच गुण अनुभवीत असतो. परंतु ती घोंगडी कोणी उघड्या अंगावर सदऱ्यासारखी घालीत नाही, कारण ती टोचते. टोचण्याचे कारण तंतूची जाडी. ही जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. आपल्या डोक्याचा केस साठसत्तर मायक्रॉनचा असतो. कापडातील तंतूंपैकी शंभरात पाचांहून अधिक तंतू तीस मायक्रॉनपेक्षा जाड असले, तर त्यांची टोके त्वचेला टोचतात. जाड टोक ताठ राहून रुतते, बारीक टोक वाकते. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, आणि चिंचोक्याची खळ दिलेल्या घोंगडीला तो भरडपणा शोभतोही. मेरिनो मेंढीची लोकर चोवीस मायक्रॉनच्या आत असते, आणि अंगालगतच्या चांगल्या कपड्यांसाठी सतरा ते साडेएकोणीस मायक्रॉनची लोकर वापरतात. ज्यांना ‘मला लोकर सोसत नाही’ असे वाटते, त्यांपैकी पुष्कळांना भरड लोकर सोसत नसते, एवढेच.

ही मेंढी मूळची स्पेनची. तेथील राजांनी ती दीर्घकाळ देशाबाहेर जाऊ दिली नाही. अठराव्या शतकात ती सॅक्सनीत व फ्रान्समधील रांबुये येथे पोहोचली आणि १७९७ मध्ये आफ्रिकेच्या केपवरून जहाजाने सिडनीला गेली. आज जगातील उत्तम मेरिनो लोकर मुख्यतः ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथून येते.

दुकानात गेल्यावर जो आकडा सर्वांत आधी विचारावा, तो कापडाच्या वजनाचा. चौरस मीटरला १५० ग्रॅम भरणारे कापड पातळ, २०० ग्रॅमचे मध्यम, २५० ग्रॅमच्या पुढचे जाड समजतात. नवखा माणूस थंडीच्या धाकाने सर्वांत जाड तेच उचलतो. माझ्या मते बहुतेकांची चूक येथेच होते. आतल्या कपड्याचे पहिले काम घाम त्वचेपासून दूर नेणे हे आहे; ऊब साठविण्याचे काम त्यावरील थरांनी करावयाचे असते. आत जाड कपडा घातला की चालताना घाम अधिक येतो आणि तो कपडा काढण्यासाठी रानात उघडे व्हावे लागते. वरचा थर मात्र केव्हाही काढता-घालता येतो.

म्हणून कुत्र्यामागे हिंडणाऱ्याने १५० ग्रॅमचा सदरा घ्यावा. त्याला कडाक्याच्या थंडीतही तेवढा पुरतो, कारण त्याची भट्टी पेटलेली असते. मचाणावर बसणाऱ्याने अंगालगत मध्यम वजनाचा घ्यावा आणि त्यावर जाड लोकरीचा दुसरा थर चढवावा. स्वीडनमध्ये ऑस्टरसुंड ह्या गावी १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत लष्कराच्या सहकार्याने ‘उलफ्रोते’ नावाची एक वीण तयार झाली. टॉवेलाप्रमाणे तिच्या आतील बाजूस फासे सोडलेले असतात व त्यांत हवा अडकून राहते. ते कापड निव्वळ लोकरीचे नसते, त्यात टिकाऊपणासाठी नायलॉनसारखे धागे मिसळतात. पण बसून राहणाऱ्यासाठी दुसरा थर म्हणून त्याची कीर्ती रास्त आहे. शेजारच्या नॉर्वेतील हेन्रिक ब्रुन ह्या लष्करी अधिकाऱ्याने १९३३ मध्ये मासेमारीच्या जाळ्यापासून बनियन शिवून पाहिले होते. जाळ्याच्या भोकांतील हवा हेच त्याचे पांघरूण. त्या जाळीदार बनियनाचे लोकरी रूप आजही मिळते आणि फार घाम येणाऱ्याने ते पातळ सदऱ्याच्या आत घालून पाहावे.

बसणाऱ्यासाठी ह्याहूनही मोलाची एक गोष्ट आहे, तिला जवळजवळ काहीच खर्च नाही. एक कोरडा सदरा पिशवीत वेगळा ठेवावा. मचाणाशी पोहोचल्यावर पाच मिनिटे दम खावा, अंगातील वाफ निवू द्यावी, ओला सदरा काढावा, अंग पुसावे आणि कोरडा घालावा. उघड्या अंगाला झोंबणारा वारा दोन मिनिटांचा असतो. ओल्या सदऱ्यातली बैठक तीन तासांची. ज्याच्यापाशी दोन जाड सदऱ्यांचे पैसे आहेत त्याने त्याऐवजी दोन पातळ व एक मध्यम असे घ्यावेत, असे मी म्हणेन.

पॉलिएस्टरचे काय? ते लवकर वाळते, स्वस्त असते, घासटून फाटत नाही. दिवसभर धावणाऱ्याला ते चालेल. परंतु अंगाचा वास ते असा काही धरून ठेवते, की आठवडाभर एकाच झोपडीत मुक्काम करणाऱ्या चौघांना त्याचा प्रत्यय येतो. लोकर वासाची द्रव्ये आपल्या पोटात अडकवून ठेवते व धुताना सोडते. शिकारीत ह्या गुणाचा फार गवगवा होतो, कारण मूसचे घ्राणेंद्रिय अतितीक्ष्ण असते. येथे जाहिरातींवर फार विसंबू नये. माणसाचा श्वास, बूट, केस ह्यांचा वास कोणताही सदरा लपवीत नाही. वारा कोणत्या दिशेने वाहतो हे पाहून बसण्याची जागा निवडली नाही, तर मेरिनोचा काडीइतकाही उपयोग नाही. आवाजाच्या बाबतीत मात्र लोकर निर्विवाद श्रेष्ठ ठरते. हात वर नेताना ती सळसळत नाही. आणखी एक भेद शेकोटीजवळ कळतो. पॉलिएस्टर सुमारे २५० अंशांपुढे वितळून कातडीला चिकटते. लोकर सहजी पेट घेत नाही, वितळत नाही, ठिणगी पडली तर तेवढ्यापुरती करपते.

निव्वळ मेरिनोचा उणेपणा असा, की पातळ कापड पिशवीच्या पट्ट्याखाली व कोपरांवर लवकर विरते. म्हणून हल्ली नायलॉनच्या बारीक धाग्याभोवती लोकर कातून सूत काढतात. शेकडा दहापंधरा नायलॉन असलेला सदरा टिकतो आणि लोकरीचे गुणही गमावीत नाही. चिठ्ठीवर ‘मेरिनो’ हा शब्द मोठ्या अक्षरांत आणि शेकडेवारी बारीक अक्षरांत असेल, तर बारीक अक्षरे आधी वाचावीत. शेकडा तीस लोकर असलेले कापडही ह्या नावाने विकले जाते. निव्वळ लोकरीची ओळख पटावी म्हणून १९६४ मध्ये ‘वुलमार्क’ ही खूण निघाली, ती असल्यास पाहावी. शंका राहिल्यास शिवणीतला एक धागा काढून जाळावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. पॉलिएस्टर असेल तर कडक मणी बनतो.

बेताविषयी थोडक्यात सांगतो. सदरा अंगाला बिलगणारा असावा, पण आवळणारा नको. सैल सदऱ्यात घाम उचलला जात नाही. पाठीमागची बाजू लांब असावी, म्हणजे वाकताना कंबर उघडी पडत नाही. शिवणी चपट्या असाव्यात आणि खांद्याच्या माथ्यावर शिवण नसेल तर फार उत्तम, कारण तेथेच पिशवीचा पट्टा आणि बंदुकीचा दस्ता टेकतो. गळ्यापाशी चेन असलेला सदरा मला सर्वांत उपयुक्त वाटतो. चढणीवर ती उघडली की वाफ निघून जाते आणि बसताना ओढून घेतली की मानेला ऊब राहते. विजार पोटरीपर्यंतची घेतली तर उंच बुटांत घड्या पडत नाहीत.

एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांना माशांच्या अळ्यांचा उपद्रव होतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी कोकरांच्या शेपटीभोवतीची कातडी कापून काढतात. ह्या क्रियेला ‘म्यूलसिंग’ म्हणतात. न्यूझीलंडने तिच्यावर २०१८ मध्ये बंदी घातली. कित्येक कारखानदार आपली लोकर अशा मेंढ्यांची नसल्याचे चिठ्ठीवर नमूद करतात. जो शिकारी मूसला यातना होऊ नयेत म्हणून जपतो, त्याने कोकराचीही विचारपूस करावी, हे सुसंगत होय.

राहता राहिली निगा. लोकरीचे खवले गरम पाण्यात व घुसळण्यात एकमेकांत अडकतात आणि सदरा आटतो. क्लोरीनची प्रक्रिया करून वर पातळ लेप दिलेली लोकर यंत्रात धुता येते, तरी पाणी थंड अगर कोमटच असावे. कापड मऊ करणारी द्रव्ये घालू नयेत, आणि विरंजक द्रव तर मुळीच नको. त्यात लोकर अक्षरशः विरघळते. कपडे चकचकीत पांढरे दिसावेत म्हणून ज्या पावडरींत उजाळा देणारी द्रव्ये असतात त्याही शिकाऱ्याने टाळाव्यात, कारण हरणांच्या डोळ्यांना निळ्या छटा आपल्यापेक्षा अधिक जाणवतात. तांबडा-नारिंगी रंग मात्र त्यांना नीट ओळखू येत नाही, म्हणून गटातील माणसांनी एकमेकांना दिसावे ह्यासाठी नारिंगी टोपी बेलाशक घालावी. धुतलेला सदरा पिळू नये, दोरीवर टांगूही नये. टॉवेलात गुंडाळून दाबावा आणि आडवा पसरून सावलीत वाळवावा. हंगाम संपला की न धुता कपाटात टाकण्याचा मोह होतो, पण घामाच्या व चरबीच्या डागांवरच कसर प्रथम लागते. स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडा करून, घट्ट मिटणाऱ्या पिशवीत ठेवावा. डांबराच्या गोळ्या त्यात घालू नयेत. त्यांचा वास पुढल्या सप्टेंबरपर्यंत जात नाही, आणि तो मूसलाही येतो.